आकडा हाती आल्यानंतर

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ हे स्थानक लागते. दुखणे आले की आधी आशाताई किंवा जवळचा डॉक्टर, तिथे भागले नाही तर परभणी, आणि परभणीतही जमले नाही तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर, हा इकडच्या गावांचा ठरलेला रस्ता. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर गाडीभाडे लागते, रोज बुडतो, सोबतीला माणूस लागते. रात्री अकरा वाजता म्हाताऱ्या आईला गरगरायला लागते तेव्हा आजाराचे नाव शोधायला घरच्यांना उसंत नसते. त्यांना एकच ठरवायचे असते: आत्ता गाडी काढायची, की उजाडेपर्यंत थांबायचे. घरात ठेवायची तपासणीची साधने, म्हणजे बीपीचे मशीन, साखर मोजायचा ग्लुकोमीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, थर्मामीटर, ही सगळी या निर्णयाला मदत व्हावी म्हणून असतात. पुढच्या पानांत त्यांची माहिती आहे. पण ती वाचण्याआधी एक म्हणणे नीट मांडायला हवे. जो आकडा पाहून आपण पुढे काय करणार हे आधी ठरलेले नाही, तो मोजून काही हाती लागत नाही. साधन निवडताना पहिला प्रश्न त्याच्या किमतीचा किंवा कंपनीचा येतो, तो तिसरा-चौथा यायला हवा. पहिला प्रश्न असा: आकडा इतका आला तर मी काय करीन, आणि तितका आला तर काय करीन?

हे म्हणणे नुसत्या तर्कातून आलेले नाही. महाराष्ट्राने ते एकदा राज्यभर करून पाहिले आहे. १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि आशा व स्वयंसेवकांची पथके थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेली. तोपर्यंत ऑक्सिमीटर हे दवाखान्यातल्या शस्त्रक्रियेच्या खोलीतले यंत्र होते. १९७० च्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने शोधलेल्या तत्त्वावर ते चालते. पुढच्या वर्षभरात ते वाड्यावस्त्यांवर पोहोचले आणि उपयोगीही पडले. कारण त्याच्यासोबत एक नियम आला होता. आकडा ९४ च्या खाली गेला तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. २०२१ च्या लाटेत सहा मिनिटे चालून पुन्हा बोट तपासायची रीतही लोकांना सांगितली गेली. म्हणजे कोणता आकडा, कधी मोजायचा आणि खाली गेला तर कुठे जायचे, या तिन्ही गोष्टी यंत्राबरोबर घरात आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती कोविड चाचणीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मान्यता दिली. तिथेही नियम स्पष्ट होता: चाचणी नकारार्थी आली आणि लक्षणे असली, तर आरटी-पीसीआर करायचीच. साथ सरली आणि नियम विस्मरणात गेला. यंत्रे मात्र फडताळात राहिली. आज तेच ऑक्सिमीटर छातीत दुखले तरी लावले जाते, चक्कर आली तरी लावले जाते, आणि ९८ आकडा दिसला की घर निश्चिंत होते. हृदयविकाराच्या झटक्यातही ऑक्सिजन ९८ असू शकतो, हे त्या यंत्राच्या खोक्यावर लिहिलेले नसते.

याहून जुने आणि मला अधिक मोलाचे वाटणारे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेचे काम १९८० च्या दशकात तिथे सुरू केले तेव्हा बालमृत्यूंमागे न्यूमोनिया हे मोठे कारण होते. न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण यंत्र लागते असे शहरात मानले जाई. पण जागतिक आरोग्य संघटनेचा साधा ठोकताळा उपलब्ध होता: खोकला असलेले दोन महिन्यांखालचे बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते वर्षापर्यंतचे ५० किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. अडचण मोजण्याची होती. गावातल्या सुईणीला साठपर्यंत अंक येत नव्हते आणि तिच्याकडे घड्याळही नव्हते. म्हणून एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी असलेले छोटे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोहोचले तर बाळाला औषध द्यायचे. या साधनावरचा शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच ‘घरगुती निदान’ हे शब्द होते. गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचा प्रयोग त्याआधी, १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता, त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. पुढे थर्मामीटर, वजनकाटा आणि प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यदूत बायका यांच्या बळावर नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि १९९९ मध्ये त्याच पत्रिकेत त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचे वजन आणि ताप पाहते, त्या पद्धतीचे मूळ तिथे आहे.

गडचिरोलीचे उदाहरण इतके लांबवले, कारण एका आक्षेपाचे उत्तर त्यात आहे. यंत्रे शिकल्यासवरल्यांसाठी असतात, खेड्यातल्या माणसाला आकडा कळत नाही, असे सहज म्हटले जाते. मण्यांच्या त्या साधनात सुईणीला आकडा वाचावाच लागत नव्हता. निर्णय साधनातच घडवलेला होता. दोष होता तो निर्णय न सांगता यंत्र हातात देण्याच्या रीतीत. तो आजही तिथेच आहे, फक्त यंत्राला काच आणि बॅटरी आली आहे.

शहरातल्या, सुशिक्षित, सगळ्या सोयी असलेल्या रुग्णांवरचे अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतात. रक्तदाब घरी मोजण्यावर जगभर झालेल्या चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये विश्लेषण झाले. ज्यांनी नुसते मशीन घेऊन रक्तदाब मोजला, त्यांचा दाब जवळपास जिथल्या तिथे राहिला. ज्यांच्या नोंदी पाहून कोणी औषध बदलले, समजावून सांगितले, पाठपुरावा केला, त्यांचा वरचा आकडा वर्षभरात सरासरी सहा अंकांनी उतरला. यंत्र दोघांकडे होते. साखरेचे तर आणखी बोलके आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० मधुमेहींवर वर्षभराची चाचणी झाली आणि तीही २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली. रोज बोट टोचून साखर पाहणारे आणि न पाहणारे, यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत वर्षअखेर लक्षणीय फरक नव्हता. इन्सुलिन घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला डोस ठरवायचा असतो, साखर ७० च्या खाली उतरली तर लगेच गूळ किंवा साखर तोंडात घालायची असते. त्याच्या आकड्याला पुढे काम आहे. फक्त गोळ्यांवर असलेल्या माणसाने डॉक्टरांनी सांगितले नसताना रोज महागडी पट्टी खर्चणे मला अनाठायी वाटते. त्याच पैशात दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतली सरासरी साखर पाहता येते.

आपल्याकडे गरज किती मोठी आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २० वर्षांवरील ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे तीन प्रौढांमागे एक. उच्च रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही. एकच साधन घरात घ्यायचे असेल तर ते बीपीचे मशीन असावे, असे माझे मत आहे. दवाखान्यातल्या एका मोजणीपेक्षा घरच्या आठवडाभराच्या नोंदी अधिक खऱ्या असतात, कारण डॉक्टरांसमोर काहींचा दाब चढतो आणि काहींचा तिथे नेमका ठीक येऊन घरी चढलेला राहतो. घरच्या मोजणीची रेघ दवाखान्यापेक्षा थोडी खाली, १३५/८५ ला धरतात.

मशीन दंडाला पट्टा बांधायचे घ्यावे, मनगटाचे टाळावे. नावापेक्षा ते मान्य चाचणीतून गेले आहे का, हे पाहावे. आपल्या दंडाचा घेर मोजून त्या मापाचा पट्टा घ्यावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच चढतो. पण चांगल्या मशीनलाही आपण घरात चुकीचे बोलायला लावतो. सतरंजीवर मांडी घालून बसायचे, मशीन जमिनीवर, हात खाली सोडलेला, असे चित्र आपल्याकडे नेहमीचे आहे. हात हृदयाच्या पातळीपासून दहा सेंटिमीटर खाली असला तर सात-आठ अंक फुकट वाढतात. शर्टाची बाही दंडावर गुंडाळली की तीच आवळते. नुकताच चहा झालेला, तोंडात तंबाखू किंवा मिश्री, लघवी दाटलेली, शेजारी बसून कोणी बोलते आहे, या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो. पाठ टेकून खुर्चीवर किंवा ओट्यावर बसावे, पाय जमिनीला लागलेले असावेत, हात उशीवर छातीच्या उंचीला टेकवावा, पाच मिनिटे गप्प बसावे आणि मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवावी. एका चढलेल्या आकड्यावरून गोळी वाढवू नये आणि एका चांगल्या आकड्यावरून बंद करू नये. गावात पक्षाघाताच्या कितीतरी हकिगतींची सुरुवात ‘बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी सोडली’ या वाक्याने होते. १८० च्या वर आकडा आणि त्यासोबत तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत कळ, असे काही दिसले तर पुन्हा मोजत बसू नये, १०८ ला फोन करावा. ही लक्षणे असतील तर आकडा कितीही असो, निघायचेच.

ग्लुकोमीटरबाबत मराठवाड्याने स्वतःचा एक नियम जोडायला हवा. पट्ट्यांच्या बहुतेक डब्यांवर ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा असे छापलेले असते. परभणीत एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून वर जातो. उन्हात तापलेल्या खोलीत पडलेल्या पट्टीचा आकडा किती खरा, हे कोणी सांगू शकत नाही. डबा माठाजवळच्या गार कोपऱ्यात पण ओल न लागेल असा ठेवावा, झाकण लगेच लावावे, मुदत पाहावी आणि उन्हाळ्यात थोड्याच पट्ट्या आणाव्यात. हात धुऊन कोरडे केल्याशिवाय टोचू नये. बोटाला आंब्याचा, उसाचा किंवा गुळाचा अंश असला तर मशीन रक्ताऐवजी त्याचीच साखर मोजते. सुई एकाची दुसऱ्याला वापरू नये, अगदी नवरा-बायकोतही नाही. आणि आकड्याकडून त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त मागू नये. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरची ९५ टक्के वाचने पंधरा टक्क्यांच्या आत खरी असली की मशीन पास होते. म्हणजे २०० दाखवले तर खरी साखर १७० ते २३० यांत कुठेही असू शकते. काल १९० आणि आज २०५ आली म्हणून हादरण्याचे कारण नाही. न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या जाहिरातीत दिसतात. अशी उपकरणे वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे.

ऑक्सिमीटरचा गैरसमज याहून खोल आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळले. दम लागतो, थकवा येतो, म्हणून अशा बाईच्या बोटाला यंत्र लावले तर ते ९९ दाखवेल. यंत्र सांगते ते इतकेच, की जे हिमोग्लोबिन आहे ते ऑक्सिजनने भरलेले आहे. हिमोग्लोबिन किती उरले आहे, ते त्याला दिसत नाही. चार माणसांच्या गाडीत चारही जागा भरल्या म्हणजे गावातली सगळी माणसे बसली असे होत नाही. त्या बाईला हिमोग्लोबिनची तपासणी हवी आणि ती उपकेंद्रात होते. शिवाय अमेरिकेत २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन खरोखर उतरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट निघाले. सावळ्या त्वचेच्या आपल्या समाजाने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. मेंदी आणि नखांचा रंग, थंडीत गारठलेली बोटे यांनीही आकडा बिघडतो. हात चोळून ऊब आणावी आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळे पडले असतील, तर ९७ वर विश्वास ठेवू नये.

थर्मामीटरबद्दल फार लिहायला नको. पाऱ्याचे आता घेऊ नये, डिजिटल पुरते. नवजात बाळात मात्र ताप चढण्याइतकेच अंग गार पडणेही धोक्याचे, हे आजीलाही सांगून ठेवावे. आणि लहान मूल असलेल्या घरात सर्वांत उपयोगी साधन भिंतीवर आधीच टांगलेले असते: सेकंदकाटा असलेले घड्याळ. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी ती रेघ ४० आहे.

काही डॉक्टर मंडळी यावर म्हणतील, की लोकांच्या हातात आकडे दिले तर ते स्वतःच औषधे घेऊ लागतील. भीती खरी आहे. पण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेणे यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. नोंदींची वही घेऊन आलेला रुग्ण उलट डॉक्टरांचे काम सोपे करतो, मात्र डॉक्टरांनी ती वही उघडून पाहायला हवी. दुसरा आक्षेप काळजीचा. दिवसातून दहा वेळा बीपी पाहणारा माणूस त्या धास्तीनेच आजारी पडतो, हेही खरे आहे. म्हणून मोजण्याचे दिवस ठरलेले असावेत आणि उरलेले दिवस मशीन कपाटात असावे. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: घरोघर यंत्रे आली की सरकार आपली जबाबदारी लोकांच्या खिशावर ढकलेल. तसे होऊ द्यायचे नसेल तर आपल्याच राज्यातला दाखला पुढे ठेवावा. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. तिथल्या आरोग्य केंद्रांना डिजिटल मशीन मिळाले, पण त्यासोबत ठरलेली उपचारपद्धती, गोळ्यांचा साठा आणि न आलेल्या रुग्णाला शोधून आणण्याची व्यवस्थाही उभी राहिली. घरचे मशीन अशा केंद्राला जोडले तरच ते पुरते कामाला येते. उपकेंद्रात बीपीची गोळी महिनाभर मिळत नसेल तर घरातला १६० हा आकडा नुसता मनस्ताप आहे. गोळी मागणे हा आपला हक्क आहे आणि ग्रामसभेत तो मागता येतो.

किमतीविषयी एक गोष्ट ग्राहकाने जाणून घ्यावी. बीपी मशीन, ग्लुकोमीटर, डिजिटल थर्मामीटर, नेब्युलायझर आणि ऑक्सिमीटर ही साधने आता औषध कायद्याच्या कक्षेत आहेत, आणि जुलै २०२१ मध्ये केंद्राने या पाचही साधनांवरच्या व्यापारी नफ्याला मर्यादा घातली. पावती घ्यावी, आयात केलेल्या यंत्रावर आयातदाराचे नाव पाहावे, दुकानातच दोनदा लावून पाहावे. घरी आणलेले बीपी मशीन पुढच्या खेपेला दवाखान्यात सोबत न्यावे आणि डॉक्टरांच्या मशीनशी ताडून पाहावे. वर्षातून एकदा हे पुन्हा करावे. प्रत्येक घराने सगळे घ्यावे असेही नाही. एका गल्लीत किंवा एका बचत गटात दंडाचे एक चांगले मशीन, आणि ते नीट लावायला शिकलेली दोन माणसे, हे दहा घरांतल्या दहा स्वस्त यंत्रांपेक्षा बरे.

वाचकांना एकच विनंती आहे. हे पुस्तक वाचून कोणतेही साधन विकत घ्याल, तेव्हा त्याच्या खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूने पेनाने चार गोष्टी लिहून चिकटवा: कोणत्या आकड्याला थांबायचे, कोणत्या आकड्याला उद्या दवाखाना, कोणत्या आकड्याला किंवा लक्षणाला आत्ताच निघायचे, आणि आशाताईचा फोन नंबर. पहिल्या तीन ओळी तुमच्या डॉक्टरांकडून भरून घ्या. प्रत्येक माणसाचे वय आणि आजार पाहून ते आकडे वेगळे असतील.